चार साखळ्यांचा उतार

१. धोंडाचोर

लोक सोनं चोरतात, कापसाच्या गाठी चोरतात, आणि एखादा महाभाग कीर्तनातून उठताना दुसऱ्याच्या नव्या वहाणा पायात सरकवून निघून जातो. पण चिखलदऱ्याच्या डोंगरावरून जे चोरीला गेलं, तो होता एक दगड. हातभर लांब, चौकोनी घडवलेला, डोक्यावर फुली कोरलेला, सरकारी हद्दीचा दगड. आणि तो चोरला म्हणून धरलं होतं गोवर्धनला. हा गोवर्धन म्हणजे वलगावच्या पार्बताबाईचा नवरा.

पार्बताबाई गुरुवारी सकाळी ओट्यावर शेवंतीचे हार गुंफत बसली होती, तेव्हा शेषराव ही बातमी घेऊन आला. शेषराव हा नांदगाव खंडेश्वरच्या खुशालरावांचा माणूस. खुशालराव मोठे कास्तकार, काळी जमीन भरपूर. त्यांनी यंदा चिखलदऱ्याला कॉफी लावायला डोंगराचा एक तुकडा घेतला होता, आणि दसऱ्यापासून गोवर्धन तिथं राखणदार होता.

"पार्बताबाई, तुमच्या मालकानं सरकारी धोंडा उपटला," शेषराव म्हणाला. "येत्या रविवारी दुपारी पंच बसून राहिले. मंग त्याले पोलिसात देतीन."

"धोंडा?" पार्बताबाईच्या हातातली सुई थांबली. "काहून? खाते का तो धोंडा?"

"चुलीले लावला म्हंते. खालच्या शेतातल्या नत्थुजीनं डोयानं पायलं."

"नत्थुजीच्या डोयाले मोतीबिंदू झाला असन! अरे, शेजाऱ्याच्या झाडाखाली पडलेला आंबाबी इचारल्याबिगर उचलत नाई आमचा माणूस!"

शेषरावचा चेहराच सांगत होता की त्यालाही हे पटलेलं नाही. पण बातमीला पाय फुटले ते फुटलेच. दुपारपर्यंत विहिरीवरच्या बाया कुजबुजायला लागल्या, "धोंडाचोराची बायको आली पाय." पार्बताबाईनं दोघींना तिथल्या तिथं झापलं आणि घागर भरून ताठ मानेनं घरी आली. संध्याकाळी मात्र मारुतीच्या पुजाऱ्यानं हार परत केला. "पंचांचं काय ठरते ते पाहू बाई, मंग आणजा," एवढंच तो म्हणाला. वलगावच्या मारुतीला पहिला हार यांच्या घरचा, हे सासऱ्याच्या वेळेपासून चालत आलेलं. तो हार टोपलीत ठेवून ती घरी आली आणि दार लावून पोटभर रडली.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, लेकीला, शकुनला, जावेकडे ठेवलं आणि त्याच रात्री अमरावतीला अंबापेठेत लीलाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

लीलाबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. जाड भिंगांचा चष्मा, अंबाड्यात, पेठेत फुलं विकायला येणाऱ्या पार्बताबाईनं रोज दिलेलं एक फूल, आणि समोरच्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकायची सवय. शाळेची पितळी घंटा गेली होती, तेव्हा या बाईनं तीन प्रश्न विचारून ती माळ्यावरच्या पोत्यातून काढून दिली होती. तेव्हापासून पेठेत कोणाचं काही हरवलं की लोक चौकीवर जायच्या आधी हिच्याकडे यायचे.

लीलाबाईंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "तो दगड मुळात पुरला कोणी?"

"कोणी देवीदास मोजणीदार व्हता म्हंते. आता बदली होऊन अकोल्याले हाये."

"नाताळची सुट्टी आहेच मला," लीलाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडू."

"अकोल्याले? पण बाई, चोरी तं डोंगरावर झाली ना!"

"चोरी झाली की नाही, तेच तर अजून कोणी पाहिलं नाही, पार्बताबाई."

२. अकोल्याचा मोजणीदार

देवीदास मोजणीदार म्हणजे उन्हानं रापलेला काटकुळा माणूस. घरी पाहुणा आला की आधी चहा आणि मग नकाशा पुढं करणारा. चिखलदऱ्याचं नाव काढताच त्यानं कपाळावर हात मारला.

"नाव नका काढू बाई त्या डोंगराचं! काळ्या जमिनीत चार साखळ्या म्हणजे तंबाखू मळून होईस्तोवर मोजून होतात. तिथं अख्खी सकाळ गेली. साखळी उचलून धरून धरून माझ्या माणसांचे हात भरून आले."

त्यानं पेटीतून नकाशाची नक्कल काढून पसरली. वर रस्त्याच्या कडेचा दगड, तिथून सरळ खाली एक रेघ, रेघेवर 'चार साखळ्या' असं लिहिलेलं, आणि टोकाला फुली. साखळी शंभर फुटी.

"तीन वर्षं झाली. या फुलीवर मी स्वतः दगड बसवला," देवीदास म्हणाला, "आणि त्याच्याखाली टोपलीभर कोळसा टाकला."

"कोयसा कायले?" पार्बताबाईनं विचारलं.

"दगड लोक उपटतात बाई, कोळसा कोणी उपटत नाही. तो सडत नाही, त्याला वाळवी लागत नाही. उद्या भांडण झालं की खणायचं. जिथं कोळसा, तिथं हद्द. आमच्या खात्याची जुनी रीत आहे ही."

पार्बताबाईचा चेहरा पडला. "पण शेषराव तं म्हणत व्हता, खुशालराव मालकानं खणून पायलं. धोंडा नाई आन कोयसाबी नाई. मालक म्हंते, कोयसाबी चुलीतच गेला असन."

देवीदासनं कपबशी खाली ठेवली. "कोळसाही नाही? असं कसं होईल? दगड उपटणाऱ्याला कोळसा आहे हेच माहीत नसतं!"

लीलाबाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. परतीच्या गाडीत पार्बताबाईनं तीनदा विचारलं, काय लिहिलं म्हणून. तिसऱ्यांदा लीलाबाईंनी वही पुढं केली. त्यात एकच प्रश्न होता: 'साखळी उचलून का धरली?' पार्बताबाईनं तो शकुनच्या पाटीवर शिकलेल्या अक्षरओळखीवर अडखळत वाचला आणि मनात म्हणाली, झालं! इथं माझा नवरा तुरुंगात चालला आणि बाईला मोजणीदाराच्या माणसांच्या हातांची काळजी.

३. खड्ड्यातलं मूळ

शनिवारी मोटारीनं परतवाडा, तिथून घाट चढून चिखलदरा. रविवारी सकाळी दोघी खुशालरावांच्या डोंगरावर पोचल्या. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. वर रस्ता, आणि रस्त्यापासून खाली दरीपर्यंत घराच्या कौलांसारखा एकसारखा उतार.

झोपडीपुढं गोवर्धन बसला होता. बायकोला पाहून उठला आणि पुन्हा बसला.

"जेवले का?" पार्बताबाईनं विचारलं.

"भूक नाई."

"तुमाले भूक नाई म्हणून मी का अमरावती-अकोला पालथं घालून आली? खा आधी!" तिनं भाकरीचं गाठोडं त्याच्यापुढं सोडलं. "उपटला का धोंडा?"

"म्या त्या धोंड्याचं तोंडबी पायलं नाई. शकुनची आण."

बस्स. पार्बताबाईला एवढंच ऐकायचं होतं. तिचा विश्वास होताच, पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात खुशालराव आले. भरदार मिशा, गळ्यात मफलर, आवाज असा की दरीपलीकडच्यालाही वेगळं बोलवायला नको. माणूस वाईट नव्हता, पण एकदा मनात घेतलं की संपलं.

"या बाई, या! तुमचं नाव ऐकून हाये मी," ते लीलाबाईंना म्हणाले. "पण इथं तपास करायसारखं काई नाई. बुधवारी मी सोता साखळी घातली. वरच्या दगडापासून चार साखळ्या, जमिनीले चिकटवून. एक सूत ढील नाई! तीस वर्षं काळ्या जमिनीत अशीच मोजून राहिलो. चौथी साखळी जिथं संपली तिथं धोंडा नाई. खणलं, तं कोयसाबी नाई. मी म्हटलं, आता अमरावतीहून फेरमोजणी बोलावतो. तेवढ्यात हा नत्थुजी वर आला. म्हणे, मोजणी काहून बोलावता? धोंडा इथंच होता, मंगळवारी तुमच्याच माणसानं उपटला."

नत्थुजी मागेच उभा होता. खालची जमीन त्याची. गोड बोलणारा, हात जोडून हसणारा, विडी ओढणारा.

"खोटं काहून बोलू बाई?" तो म्हणाला. "गरीब माणूस हाये गोवर्धन. चुलीले धोंडा पाहिजे असन, घेतला. आता इथंच नवा धोंडा बसवून टाकावा, गोठ संपली. मोजणीचा कायले खटाटोप?"

"दगड नक्की इथंच होता?" लीलाबाईंनी विचारलं. "या खड्ड्याच्या जागी?"

"याच जागी. तीन वर्षांपासून पाहून राहिलो. देवाशपथ."

लीलाबाईंनी मान हलवली आणि खड्ड्याकडे पाहिलं. चांगला कमरेइतका खोल खड्डा. पण आधी वाकली पार्बताबाई. तिचा अख्खा जन्म मातीत गेलेला. झाड वर कसं दिसतं त्यापेक्षा खाली कसं असतं, हे तिला जास्त कळायचं.

"मालक, हे मूळ कोणी तोडलं?"

खड्ड्याच्या एका भिंतीतून मनगटाएवढं जाड मूळ बाहेर आलेलं होतं आणि समोरच्या भिंतीत त्याचं उरलेलं अंग होतं. मधला भाग कुऱ्हाडीनं तोडलेला, तुटलेली तोंडं अजून पांढरी.

"माह्या माणसानं तोडलं, बुधवारी खणताना. मधात येऊन राह्यलं होतं," खुशालराव म्हणाले.

पार्बताबाई खड्ड्यात उतरली. मूळ हातानं चाचपलं, मग वर पाहून म्हणाली, "हे मोहाचं मूळ हाये मालक. एवढं जाड व्हाले धा-बारा वर्षं लागते. तीन वर्षांमागं इथं खणून धोंडा पुरला असता, तं हे तवाच तुटलं असतं. बुधवारपर्यंत हे सलग होतं. मंग इथं धोंडा कवा पुरला?"

खुशालरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि तो तिथंच राहिला.

"वा, पार्बताबाई!" लीलाबाई एवढ्या खूश झाल्या की चष्मा नाकावरून घसरला. "इथं दगड कधी नव्हताच. म्हणून कोळसाही नाही. आणि जो दगड इथं नव्हता, तो गोवर्धननं इथून उपटताना नत्थुजींनी पाहिला कसा?"

नत्थुजीची विडी विझली होती. "बैलाले पाणी दाखवाचं राह्यलं," असं पुटपुटत तो वळला.

"थांबा ना," लीलाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "दुपारी पंच येतील. साक्षीदार लागेल त्यांना."

"पण बाई, नकाशात चार साखळ्या हायेत!" खुशालराव ओरडले. "माही साखळी खरी हाये. मंग सरकारचा नकाशा खोटा म्हणता का?"

"नकाशाही खरा आणि साखळीही खरी," लीलाबाई म्हणाल्या. "पार्बताबाई, हाराचा दोरा आणलाय ना तुम्ही?"

४. बांबू, दोरा आणि ताट

पंच आले तेव्हा त्यांना तपासाऐवजी तमाशा दिसला. पोलीस पाटील रामराव आणि आणखी दोघं. समोर शाळेची बाई, हातात बांबू.

बांबू गोवर्धननं तोडून दिला होता, पार्बताबाईच्या हातानं बरोबर चार हात. त्याचं एक टोक उताराच्या जमिनीवर टेकवलं. दुसरं टोक उताराच्या बाजूला हवेत, गोवर्धननं धरलेलं. बांबू आडवा आहे की नाही, हे पाहायला लीलाबाईंनी त्याच्यावर फळी आणि फळीवर काठोकाठ पाणी भरलेलं ताट ठेवलं. पाणी एका बाजूनं सांडलं की बांबू वर-खाली करायचा. दोनदा गोवर्धनच्या पायावर गार पाणी सांडलं आणि चार दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

मग बांबूच्या हवेतल्या टोकाला दोरा बांधला, दोऱ्याला खडा, आणि तो सरळ खाली सोडला. खडा जमिनीला लागला तिथं खूण केली.

"मोजा," लीलाबाई म्हणाल्या.

पार्बताबाईनं दोरा आपल्या हातानं मोजला. तीन हात. मग बांबूच्या टेकलेल्या टोकापासून खुणेपर्यंत जमीन मोजली. पाच हात.

"बांबू चार, दोरा तीन, जमीन पाच," लीलाबाई म्हणाल्या. "बांबू आडवा, दोरा उभा. दोघं भेटतात तिथं काटकोन. आणि ही जमीन तिरपी, काटकोनाच्या समोरची. तिला कर्ण म्हणतात. कर्ण दोघांपेक्षा लांब असतो, कायम. चला, आता दुसरीकडे."

वर मोजलं, खाली मोजलं. बांबू अर्धा तोडून दोन हातांचा केला. दोरा आला दीड हात, जमीन अडीच. रामराव पाटील सरसावून पुढं आले. त्यांनी आपल्या लांब हातानं चार हात मापून नवा बांबू तोडून घेतला, सगळं पुन्हा करून पाहिलं, आणि पुन्हा जमीन पाच तर बांबू चार.

"माहा हात तं हिच्याहून मोठा हाये," पाटील बुचकळ्यात पडून म्हणाले.

"असू द्या! हात लहान घ्या, मोठा घ्या, त्रिकोण ताटाएवढा घ्या नाहीतर डोंगराएवढा घ्या. उतार तोच असला की भागाकार तोच येतो. आडवी बाजू भागिले कर्ण, चार पंचमांश. याला कोसाइन म्हणतात. उभी भागिले कर्ण, तीन पंचमांश, तो साइन. आणि उभी भागिले आडवी, तीन चतुर्थांश, तो टॅन्जंट. माझ्या पोरी या तिघांना घाबरतात. पण हे तिघं म्हणजे फक्त त्या उताराची ओळख आहे."

"बाई, मले ते कोसाइन-बिसाइन समजत नाई," खुशालराव वैतागले. "माहा धोंडा कोठी हाये ते सांगा!"

"मालक, मी सांगते ना," पार्बताबाई एकदम म्हणाली. तिचे डोळे चमकत होते, कारण तिला आत्ताच लख्ख कळलं होतं. "मांडवाच्या दोन खांबांत हार आडवा बांधला, तं चार हात फुलं पुरते. तोच एका खांबाच्या डोक्यापासून दुसऱ्याच्या बुडापर्यंत तिरपा बांधला, तं पाच हात लागते. खांब हालले का? नाई. त्यांच्यातलं अंतर वाढलं का? नाई. पण फुलं जास्त लागली. मले लग्नसराईत दरसाल ठाऊक असते हे, फक्त जमिनीले कधी लावून नोतं पायलं!"

"अगदी बरोबर," लीलाबाई म्हणाल्या. "कागद सपाट असतो. नकाशात लिहितात ते आडवं अंतर, म्हणजे खांबांमधलं. म्हणून देवीदासच्या माणसांनी साखळी उचलून आडवी धरली आणि पायरी-पायरीनं ते खाली उतरले. त्यातच त्यांचे हात भरून आले. खुशालराव, तुम्ही साखळी जमिनीला चिकटवली. काळ्या जमिनीत त्यानं काही बिघडत नाही, तिथं जमीनच आडवी आहे. इथं तुम्ही कर्ण मोजला."

"म्हंजे?"

"म्हणजे नकाशातल्या चार साखळ्यांना जमिनीवर पाच साखळ्या लागतील. तुम्ही शंभर फूट आधीच थांबलात."

खुशालरावांनी खाली पाहिलं. खड्ड्याच्या खाली पन्नासेक फुटांवर झरा होता, डोंगरावरचं एकमेव बारमाही पाणी. आजवर नत्थुजीचा म्हणून सगळ्यांना माहीत असलेला. त्यांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"साखळी आणा रे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता.

५. पाचवी साखळी

साखळी खड्ड्यापासून पुढं निघाली. झऱ्यावर नत्थुजीची बायको दुर्गाबाई धुणं धूत होती. एवढी माणसं पाहून तिनं पदर सावरला आणि आपटणं चालू ठेवलं. साखळी तिच्या बाजूनं खाली गेली आणि घाणेरीच्या दाट झुडपात जाऊन संपली.

गोवर्धननं कोयत्यानं झुडूप साफ केलं. सगळे वाकले. खाली नुसती माती होती, दगडाचा पत्ता नव्हता.

नत्थुजी मोठ्यानं हसला. "झालं का गणित? पाटील, शाळा इथं भरवाची का पंचायत?"

पाटलांनी लीलाबाईंकडे पाहिलं. इतकं सगळं बरोबर येऊन शेवटी हे! पार्बताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याची मान पुन्हा खाली गेलेली.

लीलाबाई मात्र शांत होत्या. "दगड लोक उपटतात. गोवर्धन, खणा."

कुदळ पडली. माती भुसभुशीत होती, हे पहिल्याच घावाला कळलं. दुसरा घाव, तिसरा. मग गोवर्धननं कुदळ टाकली, हातानं उकरलं आणि मूठ वर केली. मूठ काळी झाली होती.

"कोयसा!" तो ओरडला. "पाटील, कोयसा!"

रामराव पाटलांनी तो चिमटीत धरून पाहिला, वास घेतला, शेजारच्या पंचाच्या धोतरावर घासून पाहिला. त्या पंचानं शिव्या दिल्या. आता शंकेला जागाच उरली नव्हती. हद्द इथं होती. झरा खुशालरावांचा होता. आणि गोवर्धननं वरच्या खड्ड्यातून काहीही उपटलेलं नव्हतं.

"पण दगड?" पाटील म्हणाले. "सरकारी माल हाये तो. गेला कोठी?"

पार्बताबाई तोवर झऱ्याकडे चढायला लागली होती. येताना तिच्या डोळ्याला काहीतरी खुपलं होतं, ते आता तिच्या ध्यानात आलं. झऱ्याकाठचे सगळे धोंडे वाकडेतिकडे, ओबडधोबड. दुर्गाबाई धुणं आपटत होती तो एकटाच चौकोनी.

"दुर्गाबाई, तुमचं धुनं जरा बाजूले ठेवता का? धोंडा पलटून पाहाचा हाये."

"पाहा ना बाई. मस्त हाये धोंडा, पायालेबी गुळगुळीत. आमच्या यानं परतवाड्याहून इकत आणला माह्यासाठी, मागच्या महिन्यात."

दोघींनी मिळून धोंडा कलता केला. पाण्यात बुडालेल्या तोंडावर फुली होती, छिन्नीनं कोरलेली, ठसठशीत.

दुर्गाबाईनं फुलीकडे पाहिलं, वर येणाऱ्या पंचांकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. "इकत आणला होता ना?" तिनं विचारलं. "वीस वर्षांत पयल्यांदा मले काई आणलं, म्हणून मी अख्ख्या डोंगराले सांगत फिरली! आन हे चोरीचं व्हय?"

नत्थुजी पंचांना घाबरला नव्हता, पण हिच्यापुढं तो भडाभडा बोलून गेला. खुशालरावांनी डोंगर घेतल्यावर झरा हातचा जाईल म्हणून त्यानं दगड काढला होता. बुधवारी खुशालरावांची साखळी वरच संपलेली पाहून त्याला देव पावल्यासारखं वाटलं. फेरमोजणी आली असती तर खरी जागा उघडी पडली असती, म्हणून राखणदारावर ढकललं.

"पण पाणी मी तुले नाई म्हटलं असतं का रे, नत्थ्या?" खुशालरावांनी विचारलं.

६. वलगावचा बाजार

दगड पुन्हा कोळशावर बसला. पाटलांनी नत्थुजीचा जबाब लिहून घेतला आणि सोमवारी चौकीवर हजर व्हायला सांगितलं. दुर्गाबाईनं त्याला त्याआधीच जी शिक्षा सुरू केली होती, ती दरीपर्यंत ऐकू येत होती.

खुशालराव गोवर्धनपुढं आले. "चुकलो बावा मी. राग सोड. गड्या, राखण तुह्यीच हाये."

गोवर्धन हात जोडून उभा राहिला. मग सावकाश म्हणाला, "मालक, इथं पाच माणसं ऐकून राहिली. माह्यं नाव वलगावात गेलं. माही बायको तिथं विहिरीवर जाते."

एवढं लांब बोलणं पार्बताबाईनं लग्नानंतर त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. खुशालराव मफलर सोडून पुन्हा गुंडाळत राहिले. कास्तकार माणूस, पंचवीस गावांत ओळख. राखणदारासाठी परगावी जाऊन मान खाली घालायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं असणार.

पण बाजाराच्या दिवशी ते वलगावात आले. भर दुपारी, गर्दी ऐन भरात असताना, एका रिकाम्या बैलबंडीवर चढले. पार्बताबाई आपल्या टोपलीमागं उभी होती. तिनं रात्रभर बोलणं तयार करून ठेवलं होतं: खुशालरावांनी गुळमुळीत काही म्हटलं तर काय सुनवायचं, आणि आलेच नाहीत तर नांदगावात जाऊन काय सुनवायचं. लीलाबाई शेजारी पेरू खात होत्या.

"आयका हो!" खुशालरावांचा आवाज आता पुन्हा मोठा झाला होता. "मी खुशालराव, नांदगाव खंडेश्वरचा. तुमच्या गावच्या गोवर्धनले मी चोर म्हटलं. धोंडा त्यानं नोता चोरला. मी डोंगर चुकीचा मोजला, आन त्याहून जास्त चुकीचा माणूस मोजला. त्याची चूक नाई, माही हाये. ज्यानं ज्यानं हे आयकलं, त्यानं घरी जाऊन सांगा."

कोणीतरी, बहुतेक मारुतीचा पुजारीच, "बरं केलं मालक!" म्हणून ओरडला आणि एकदम गलका उसळला. विहिरीवरच्या त्या दोघी पार्बताबाईकडे यायला निघाल्या. पार्बताबाईनं तोंड उघडलं. पण तयार केलेलं एकही वाक्य बाहेर येईना.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. डोंगरावर ज्यानं डोळ्याला पाणी येऊ दिलं नव्हतं, तो गोवर्धन टोपलीच्या मागं खाली बसला होता आणि दोन्ही हातांत तोंड झाकून लहान मुलासारखा रडत होता. लोक थांबून पाहायला लागले.

पार्बताबाई चटकन त्याच्यापुढं उभी राहिली, पदर पसरून, कोणाला दिसणार नाही अशी.

"काय पाहून राहिले?" ती सगळ्या बाजारावर खेकसली. तिच्याही गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत होता. "माणूस हाये तो, रडत नाई का माणूस? फुलं घ्याची असन तं घ्या, नाई तं व्हा बाजूले!"

त्या दिवशी तिची फुलं पाऊण तासात संपली. टोपली रिकामी झाली तरी ती तिथंच उभी राहिली, त्याचं रडून होईपर्यंत.